गूळ वर गेला तेव्हा

त्या इमारतीला तेवीस पायऱ्या होत्या. त्यातल्या एकीवरही माझं पाऊल कधी पडलं नाही, तरी त्या मला अजून तोंडपाठ आहेत. सातवीची कड तुटलेली, अकरावीवर वळण, आणि शेवटच्या तीन इतक्या उंच की मला उचलणारे दोघेही तिथं क्षणभर थांबायचे. मामानं उचलून आणलेली नवरी मांडव बघते, तसा तो जिना मी वरून बघितला, जवळजवळ वर्षभर, रोज दोनदा.

मी तीन वर्षांची असताना मला ताप आला आणि दोन्ही पाय गेले. पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील एका कचेरीत कारकून. अक्षर मोत्यासारखं, आणि तेच त्यांनी माझ्या हातात उतरवलं. घरात मी हातांवर चालायचे. चुलीपासून दारापर्यंत अशी सरसर जायचे की मांजरही बाजूला व्हायचं. पण आईचा एक नियम होता. "घरात काय ते कर. उंबऱ्याच्या बाहेर हातावर जायचं न्हाय. लोकं बघत्यात." त्यामुळे घराबाहेर मी कायम कुणाच्या तरी खांद्यावर नाहीतर सायकलच्या कॅरिअरवर असायचे. बाहेरच्या जमिनीला माझा तळहात कधी लागला नव्हता.

सातवीपर्यंत वडिलांनी सायकलवरून शाळेत पोचवलं. आठवीचा वर्ग माडीवर भरायचा, म्हणून माझी शाळा सातवीत संपली. मग मी दारात बसणारी मुलगी झाले. येणारा पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारायचा, "हिचं पुढं कसं व्हायचं?" जोतिबाला आईचे तीन नवस बोलून झाले होते. शेजारणी म्हणायच्या, शिवणकाम शिकव तिला. मी उलट विचारायचे, "पायमशीन काय कोपरानं हाणू?" तोंड तेव्हाही असंच होतं. पाय गेले तेव्हा सगळा जोर तिकडं गेला असावा, असं चुलता म्हणायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. वडिलांनी कचेरीतून बातमी आणली, की अपंगांना धंदा शिकवणारा एक वर्ग गावात निघतोय. शिकवणार मोटार वाइंडिंग. पंचगंगेच्या काठानं तेव्हा जिकडं तिकडं उसाला पाणी पाजणारे पंप बसत होते, वीज कधी जास्त यायची कधी कमी, आणि मोटारी धडाधड जळायच्या. जळलेल्या मोटारीतली तांब्याची तार काढायची आणि नवी गुंडाळून बसवायची, हे वाइंडिंग. बसून करायचं काम, हातांचं आणि डोळ्यांचं. माझ्याकडं हात होते आणि डोळेही होते. वर्षभर झोपलेली भूक जागी व्हावी तसं मला झालं.

वडिलांनी पत्ता वाचला आणि कागदाची घडी घातली. वर्ग माडीवर होता. खाली एका व्यापाऱ्याचं गुळाचं गोदाम आणि वर आमच्यासारख्यांची शाळा. लंगड्यांचा वर्ग माडीवर भरवायची अक्कल कुणाची, याचा मी पुढं बराच शोध घेतला. जागा फुकट मिळाली होती, एवढंच कळलं.

"जिना? हात्तिच्या, त्यात काय हाय?" चुलता म्हणाला. तो तालमीतला. स्वतःची कुस्ती सुटली होती, पण सकाळ-संध्याकाळ आखाड्यावर हजेरी असायची. त्याच संध्याकाळी त्यानं विषय तालमीत काढला. बाहेरच्यांना वाटतं, तालीम म्हणजे नुसत्या कुस्त्या. आमच्या गल्लीत लग्नाचं पाणी भरायला, गणपती उचलायला, मयताला खांदा द्यायला, भांडण मिटवायला तालीमच असायची. आणि तालमीनं शब्द दिला म्हणजे दिला. वस्तादांनी सांगितलं, "आपल्या गल्लीची पोरगी जिन्यापायी अडायची न्हाय." झालं. दोघादोघांच्या पाळ्या लागल्या.

मुलाखतीच्या दिवशी दोघा पैलवानांनी हातात हात गुंफून बैठक केली, मी त्यांच्या मानेभोवती हात टाकले, आणि चुलता पुढं "सरका, सरका" करत निघाला. जिन्यावर आमच्याशिवाय चिटपाखरू नव्हतं, तरीही. धावतच वर गेलो आम्ही. टेबलामागं साहेब बसले होते. पुण्याकडचे, सडपातळ, चष्मेवाले, मनानं चांगले. ते उठून उभेच राहिले. "वा! इच्छा तिथं मार्ग, म्हणतात ते असं," ते म्हणाले, आणि माझ्या अर्जावर त्यांनी लिहिलं: जिन्याची अडचण नाही.

चुलत्याची छाती फुगली. घरी आईनं साखर वाटली. आम्हाला तो शेरा म्हणजे बक्षीसच वाटला. त्यात आपण काय चूक करून बसलोय हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. कोल्हापूरकर माणूस ओझं उचलताना तोंड वाकडं करत नाही, तिथं त्याची इज्जत असते. आमच्या पोरांनी मला इतकं हसत हसत वर नेलं, की साहेबांना जिना दिसलाच नाही.

त्या वर्गाची आठवण आली की पहिल्यांदा वास येतो. वरून वॉर्निशचा आणि खालून, फळ्यांच्या फटींतून, गुळाचा. आम्ही नऊजण होतो, आठ मुलगे आणि मी. कुणाच्या पायाला लोखंडी पट्ट्या, कुणाच्या काखेत कुबडी, एकाला ऐकू येत नव्हतं. मास्तर उद्यमनगरातल्या कारखान्यातले जुने कारागीर. डाव्या हाताची तीन बोटं यंत्रात गेलेली. उरलेल्या दोन बोटांत ते तार अशी धरायचे की आमची दहाची दहा लाजावीत. लाकडी फर्म्यावर तार गुंडाळताना फेरे मोजावे लागत. एक फेरा चुकला तर सगळं मुसळ केरात. "मोजताना बोलायचं न्हाय," मास्तर सांगायचे. "देव जरी आला तरी म्हणायचं, थांबा वाईच, फेरा पुरा हुं द्या." मग बांबूच्या पट्टीनं एकेक तार खाचेत दाबून बसवायची. तारेवरचा लेप खरवडला तर मोटार पुन्हा जळणार, म्हणून हात हलका लागायचा. माझा हात हलका होता. पहिली मोटार फिरली तेव्हा मी सगळ्यांदेखत रडले, आणि मास्तर खेकसले, "रडतीस कशाला, वॉर्निश वलं हाय अजून."

संध्याकाळी पैलवान यायचे. त्यातला एक कान मोडलेला, अंगानं दरवाजाएवढा, आणि लाजाळू इतका की दोन वर्षांत माझ्याशी दोन वाक्यंही बोलला नसेल. मला सायकलवर बसवून सगळी वरात गंगावेशीत थांबायची. म्हशी तिथंच बांधलेल्या, समोर धार काढून फेसाळ दुधाचा पेला हातात. मला त्या कट्ट्यावर बसवायचे आणि येणारे-जाणारे विचारायचे, "काय पैलवान, आज कुठली मोटार लोळवली?" इतकं सुख मला त्याआधी ठाऊक नव्हतं. आजही कधी एकटी असले की मी त्या कट्ट्यावर जाऊन बसते, मनातल्या मनात.

वर्ष सरत आलं आणि दुसऱ्या तुकडीच्या मुलाखती आल्या. माझं अक्षर चांगलं, म्हणून साहेबांनी मला शेजारी बसवलं. ते सांगतील तो शेरा मी नोंदवहीत लिहायचा. खिडकीलगत टेबल. खाली रस्ता दिसत होता.

अकरा-साडेअकराला शिपाई वर आला. "साहेब, आजऱ्याकडनं एक बाई आलीया. पाय न्हाईत तिला. हातावर चालत्या. जिना चढंना." मी खिडकीतून वाकून बघितलं. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. दोन्ही हातांत टायरचे तुकडे चपलांसारखे अडकवलेले. शेजारी म्हातारी आई, तिच्या काखेत पिशवी. पहिल्या एस.टी.नं निघाल्या असणार.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. वाईट वाटलं त्यांना, ते मी बघितलं. पण म्हणाले काय, तर, "अहो, गेल्या वर्षी ही मुलगी आलीच की. हिलाही पाय नाहीत. जिद्द हवी. रोजचा जिना आहे, आज जमत नाही तर उद्या कसं जमणार?" आणि माझ्याकडं वळून सांगितलं, "लिहा. जिना चढण्यास असमर्थ, सबब अपात्र."

मी लिहिलं. वडिलांनी शिकवलेल्या त्याच अक्षरात, ओळ सरळ ठेवून. लिहून मान वर केली तर ती बाई खालून खिडकीकडंच बघत होती.

संध्याकाळी पोरांनी मला खाली आणलं तेव्हा त्या दोघी अजून गोदामाच्या कट्ट्याला टेकून बसल्या होत्या. परतीच्या गाडीला वेळ होता. बाईचे हात काळे पडलेले. काजूच्या टरफलाचा चीक. लहानपणापासून काजू फोडत होती. तिच्या गावात पंप आले होते आणि जळलेली मोटार बैलगाडीतून, मग एस.टी.च्या टपावरून कोल्हापूरला यायची. "ततंच बसून नीट केली तर गाव माझ्या दारात यील, आसं वाटलं," ती म्हणाली. तिनं सगळा हिशेब माझ्यासारखाच केला होता. उलट माझ्याहून चोख.

चुलता लगेच पुढं झाला. "त्यात काय हाय, पावणं? आमची पोरं हाईत. तुमास्नीबी उचलू की."

तिनं मान हलवली. "परक्या गड्यांच्या हातावर न्हाय बसायची मी. माझं मी चालतो. चार पायऱ्या चढून बगितल्या. लई उभा हाय जिना, अन् हात टेकायला जागा न्हाय." मग माझ्याकडं बघत, कुठलाही टोमणा न मारता, म्हणाली, "तुमचं बरं हाय. तुमास्नी माणसं हाईत."

आणि ती निघाली. भर रस्त्यातून, सायकली, टांगे, भाजीवाल्या, सगळ्यांच्या देखत, हातांवर. लोक बघत होते. तिनं कुणाकडंही बघितलं नाही. मी मात्र दोन पैलवानांच्या हातांवर उंच बसून तिच्या पाठीकडं बघत राहिले.

मला आधी तिचा राग आला. एवढी कसली अढी, माणसं मदत करायला तयार आहेत तर घ्यावी की, असं म्हणत मी गंगावेशीतलं दूध प्याले. ते गोड लागलं नाही. मग हळूहळू उमगलं की राग तिचा नव्हता. उचलू का, असं तिला निदान विचारलं तरी. मला तेही कुणी विचारलं नव्हतं, आणि मला हसत उचलून नेण्यावर बोट ठेवून तिला परत धाडलं होतं. तेही माझ्याच हातानं.

दुसऱ्या दिवशी जिन्याशी सायकल थांबली, पोरांनी हात गुंफले, आणि मी म्हणाले, "मी खालीच बसतो." आम्ही कोल्हापूरच्या बायका अशाच बोलतो, पुरुषासारख्या. त्या दिवशी तो स्वर कामाला आला.

"म्हंजे?" चुलता.

"म्हंजे वर येत न्हाय. जिन्यावरनं उचलून न्यायचं न्हाय मला."

"अगं, तालमीनं शब्द दिलाय. लोकं म्हनतील पोरं थकली."

"थकली म्हणून सांगा."

हे लागलं त्याला. एवढा मोठा गडी, पण डोळ्यात पाणी आलं. मला गोदामाच्या कट्ट्यावर बसवून तो निघून गेला. त्याचं मन दुखावलं याचं मला आजही वाईट वाटतं. पण त्या वेळी दुसरा इलाज सापडला नाही.

दुपारी साहेब खाली आले. "हा काय हट्ट? आठ दिवस गैरहजर राहिलात तर नाव कमी करावं लागेल. नियम आहे." ते खोटं बोलत नव्हते. माझं वर्ष अजून पुरं व्हायचं होतं, परीक्षा उरली होती, दाखल्याशिवाय बाहेर कुणी तारेला हात लावू दिला नसता. नाव गेलं असतं तर मी पुन्हा दारात बसणारी झाले असते. भीती वाटली. तरी म्हणाले, "साहेब, कालच्या बाईंना जिद्द न्हाय म्हणालासा. त्या आजऱ्यास्नं हातावर आल्या. मी गल्लीतनं पैलवानांवर आले. जिद्द कुणाला म्हणायची?" ते जिना चढून वर गेले.

मला वाचवलं मास्तरांनी, आणि तेही नियमानंच. हजेरी घेताना त्यांनी खिडकीतून डोकं काढून माझं नाव पुकारलं. मी खालून ओरडले, "हजर." मास्तरांनी वहीत लिहिलं. साहेबांनी हरकत घेतली तर म्हणाले, "आवाज आला, म्हंजे हजर. कुठनं आला हे वहीत इचारलेलं न्हाय." जेवणाच्या सुट्टीनंतर ते फर्मा आणि तारेचं रीळ घेऊन स्वतः खाली आले आणि कट्ट्यावर शिकवायला बसले. तिसऱ्या दिवशी पायाला पट्ट्या असलेला मुलगा वर गेलाच नाही. माझ्या शेजारी बसत म्हणाला, "माझंबी गुडगं दुकत्यात. रोजच. बोललो न्हवतो." शनिवारपर्यंत आम्ही सहाजण खाली होतो आणि तिघे वर.

आता गोदामाची पंचाईत झाली. हमालांना वाट मिळेना, गुळाच्या ढेपांवर तारेचे तुकडे पडू लागले. व्यापारी तणतणत आला. "ह्यो काय बाजार मांडलाय माझ्या दारात?"

मास्तरांनी तारेवरची नजर काढली नाही. फेरा पुरा केला, गाठ मारली आणि मग विचारलं, "शेठ, पावसाळ्यात गूळ पाघळतोय का न्हाय तुमचा?"

"पाघळतोय की. ओल लई. दरसालचं दुखणं हाय."

"वर कोरडं ठणठणीत हाय. अन् गुळाला गुडगं नसत्यात."

व्यापारी हसला. मग विचारात पडला. मग म्हणाला, "पर एवढा माल चढवणार कोण?"

चुलता आठवडाभर रोज मला सोडायचा, न्यायचा, आणि एक शब्द बोलायचा नाही. तो सायकलला टेकून उभा होता. त्यानं नुसता हात वर केला. "तालीम चढवील."

रविवारी आख्खी तालीम आली. वस्ताद आले, लहान पोरं आली, मोडक्या कानाचा पैलवान एका वेळी दोन-दोन ढेपा खांद्यावर घेऊन जिना चढत होता. चुलता सातव्या पायरीशी उभा राहून दिवसभर प्रत्येकाला बजावत होता, "कड तुटलीया, पाय जपून." मी समोरच्या दुकानाच्या फळीवर बसून ढेपा मोजत होते, फेरे मोजावेत तशा. दुपारी वस्तादांनी फुटलेल्या ढेपेचा खडा माझ्या हातावर ठेवला. तालमीचा शब्द राहिला, जरा वेगळ्या तऱ्हेनं. गूळ वर गेला आणि आम्ही खाली आलो. पुढं माल उतरवायला त्या व्यापाऱ्यानं वरच्या खिडकीला कप्पीच बसवली. गुळासाठी कप्पी सुचते, माणसांसाठी कुणाला सुचली नव्हती. साहेब सोमवारी आले, खालच्या खोलीत उभे राहून चारी बाजूंनी बघितलं आणि म्हणाले, "हे आधी कुणी बोललं का नाही?" मी म्हणाले, "बोलणारे खालनंच परत गेले, साहेब." त्यांनी ते मनावर घेतलं. आजऱ्याला पत्र धाडायची परवानगी त्यांनी मी न मागताच दिली.

पोस्टकार्ड मीच लिहिलं. वर्ग खाली आलाय, जिना नाही, या. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तेही गेलं तसंच. मी परीक्षा दिली, दाखला मिळाला, आणि मास्तरांनी मला हाताखाली ठेवून घेतलं. पोस्टमन दिसला की माझं मोजणं चुकायचं, मास्तर रागवायचे. तिनं आता का यावं, एकदा एवढ्या लांबून हेलपाटा घालून, असं मी स्वतःला समजावत होते.

पुढच्या तुकडीच्या मुलाखतीच्या दिवशी दारात टायर घासल्याचा आवाज आला. तीच होती. आई सोबत नव्हती. उंबऱ्यापाशी थांबून तिनं खोली बघितली, मग मला. टेबलावर तीच नोंदवही होती.

"त्या दिशी वरनं बघत हुतासा," ती म्हणाली. "वहीत काय लिवत हुतासा?"

साहेब शेजारी होते. मला सांगता आलं असतं, की त्यांनी सांगितलं ते लिहिलं. जीभ तिकडं वळतही होती. पण मी पान काढलं आणि वाचून दाखवलं. जिना चढण्यास असमर्थ, सबब अपात्र. "मीच लिहिलं," म्हणाले.

तिनं ऐकून घेतलं. मग दोन्ही हात उंबऱ्याच्या आत टेकले आणि अंग उचलून आत आली, एका दमात. टेबलापाशी येऊन म्हणाली, "मग आता तुमच्याच हातानं दुसरं लिवा."

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात वाईट अक्षर त्या ओळीचं आहे. मी लिहिलं: हजर.

संध्याकाळी चुलता आणि मोडक्या कानाचा पैलवान नेहमीसारखे दाराशी आले आणि त्यांनी हात गुंफले. मी म्हणाले, तिथंच थांबा. खुर्चीवरून खाली उतरले, हात टेकत उंबऱ्यापाशी गेले आणि आईच्या नियमाच्या पलीकडं दोन्ही तळहात ठेवले. रस्ता दिवसभराच्या उन्हानं तापलेला होता, खडे टोचत होते. चार-पाच माणसं थांबून बघायला लागली. चुलत्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि सायकल आडवी लावून माझी वाट बघत उभा राहिला.

"उद्या टायरचं तुकडं आणतो," तो म्हणाला. "हात सोलपाटतील."